मॅल्स जोडलं म्हणजे काम फत्ते?

जीपीसीवर, म्हणजे कॉलममधून द्रावण सोडून रेणू आकारमानानुसार वेगळे करणाऱ्या तंत्रावर, काम करणाऱ्यांत एक दावा कायम फिरत असतो: ‘मल्टी-अँगल लाइट स्कॅटरिंग, म्हणजे रेणूंनी विखुरलेला प्रकाश अनेक कोनांतून मोजणारा मॅल्स डिटेक्टर जोडा. मग स्टँडर्ड (माहीत असलेल्या रेणुभाराचे नमुने) नकोत, कॉलम कसाही चालेल, कोन जितके जास्त तितकं उत्तर पक्कं, आणि रेणुभार निरपेक्ष.’

‘स्टँडर्ड नकोत’ हे अर्धं खरं आहे. कॉलमला रेणूचं आकारमान कळतं, भार नाही. त्यामुळे सैल साखळीचं किंवा पेग (एक लवचिक पॉलिमर) जोडलेलं प्रथिन लवकर बाहेर पडतं आणि आहे त्याहून बरंच जड दिसतं. हा घोळ मॅल्स मिटवतं, मान्य. पण मॅल्सचं स्वतःचं कॅलिब्रेशन टोल्युइनसारख्या ओळखीच्या द्रवावर करावंच लागतं. कोनांची आपसातली जुळणीही बीएसएसारख्या लहान, ओळखीच्या प्रथिनावर तपासावी लागते.

खरी गोम ‘निरपेक्ष’मध्ये आहे. सगळं गणित डीएन/डीसीवर उभं असतं: संहती वाढली की द्रावणाचा अपवर्तनांक किती बदलतो, तो आकडा. विखुरलेला प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. संहती आरआय (अपवर्तनांकातला फरक मोजणाऱ्या) डिटेक्टरवरून घेतली तर एक घात कटतो. यूव्हीवरून (अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून) घेतली तर वर्ग तसाच राहतो, म्हणजे चूकही जवळपास दुप्पट. टीएचएफ या द्रावकात पॉलिस्टायरीनचा डीएन/डीसी सुमारे 0.185 मिली प्रति ग्रॅम, पीएमएमए या दुसऱ्या पॉलिमरचा सुमारे 0.085. सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या रनचा 0.185 तसाच राहिला, तर आरआय वापरूनही 1,00,000 रेणुभाराचा पीएमएमए 46,000 च्या आसपास येतो. पीक देखणं, बेसलाइन सपाट, कुठेही इशारा नाही! ‘मग टोचलेल्या वस्तुमानावरूनच डीएन/डीसी काढू’ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की नमुना कॉलममध्ये थोडा जरी अडकला तर तो आकडा कमी येतो आणि रेणुभार फुगतो.

‘कॉलम कसाही चालेल’ हे तर साफ चूक. डिटेक्टर प्रत्येक क्षणी समोर असलेल्या सगळ्या रेणूंच्या रेणुभाराची, वजनाच्या प्रमाणात काढलेली सरासरी देतो. 66 किलोडाल्टनचा मोनोमर (सुटा रेणू) आणि 132 चा डायमर (दोन रेणूंची जोडी) वजनाने निम्मे-निम्मे एकत्र बाहेर पडले, तर उत्तर येतं 99. त्या वजनाचा एकही रेणू कुपीत नसतो. शिवाय मोनोमरच्या 100 पट जड गुठळ्या वजनाने जेमतेम 1 टक्का असल्या, तरी 90 अंशांवर त्या मोनोमरच्या तोडीचा सिग्नल देऊ शकतात. आरआयमध्ये मात्र तिथे नाममात्र उंचवटा. म्हणून मॅल्स आणि आरआय, दोन्हींचे ट्रेस (आलेख) एकावर एक ठेवून पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

राहिले कोन. रेणूची परिभ्रमण त्रिज्या (त्याचं वस्तुमान केंद्रापासून किती पसरलंय, त्याचं माप) 10 नॅनोमीटरच्या आत असेल तर प्रकाश सगळ्या कोनांत जवळपास सारखाच विखुरतो. बहुतेक प्रथिनं याच गटात मोडतात, त्यांचा रेणुभार एका कोनावरही निघतो. जास्तीचे कोन कामी येतात ते लांबलचक पॉलिमर, मोठ्या गुठळ्या आणि विषाणूंसारख्या कणांसाठी.