हॉटेल मॅनेजमेंटला येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी

"पोरगा हुशार आहे हो, पण इंग्रजी कच्चं आहे." ॲडमिशनच्या दिवसांत पालकांच्या तोंडून हे सतत ऐकते. इतकी वर्षं हॉटेल मॅनेजमेंट शिकवल्यावर मला ते अजिबात पटत नाही.

पहिल्या सेमिस्टरला किचनमध्ये जे शब्द अंगावर येतात, ते मुळात इंग्रजी नाहीतच. मीज आं प्लास, मिरप्वा, ज्युलियन, बेशामेल, शेफ द पार्ती... सगळं फ्रेंच. फ्रेंच शेफ एस्कॉफिए १८९० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आले, किचनमधल्या कामांची हुद्द्यांनुसार घडी बसवली आणि ती पद्धत जगभर गेली. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलीलाही 'ओर दव्र'चं (जेवणाआधीच्या छोट्या पदार्थांचं) स्पेलिंग तितकंच छळतं. आमची गावाकडची मुलं तर हे शब्द भराभर उचलतात, कारण तेव्हा हातात सुरी असते. गाजराच्या काड्या कापल्या की ज्युलियन डोक्यात पक्कं बसतं.

मुलं अडतात ती फ्रंट ऑफिसला, म्हणजे रिसेप्शनवर, आणि सर्व्हिसला, म्हणजे टेबलावर वाढताना. तिथे शब्द सोपे, बोलणं आडवळणाचं. पाणी विचारल्यावर पाहुणा 'आय ॲम गुड' म्हणाला, तर त्याला पाणी नकोय. अमेरिकन माणसानं 'चेक' मागितला, तर बिल न्यायचं. इथे गोंधळ झाला तर फार तर पाहुणा वैतागेल. पण 'शेलफिश'ची, म्हणजे कोळंबी-खेकड्यांची, ॲलर्जी सांगितलेली असताना मुलानं नुसतं 'फिश' ऐकलं आणि पापलेटऐवजी कोळंबी सुचवली, तर जिवावर बेतू शकतं.

अशा वेळी "पुन्हा सांगाल का?" एवढं विचारायचं धाडस लागतं. मुलं विचारत नाहीत, 'यस सर' म्हणून मान डोलावतात. ही भीती वर्गातच तयार होते. उच्चार चुकला की सगळे हसतात, शिकवणारेही त्यात सामील होतात. मला याचा फार राग येतो. आणि आपण काय शिकवतो? 'स्किपर'ची व्याख्या लिहून देतो. बिल न भरता निघून गेलेला पाहुणा, हे मराठीत सांगितलं तर पोरगं एका झटक्यात समजतं, आणि मग काउंटरवर काय करायचं हेही स्वतःहून विचारतं.

शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, नव्या बॅचला पहिले पंधरा दिवस व्याख्या देऊ नका. आधी मराठीत समजावा, मग मुलांना आळीपाळीनं पाहुणा आणि वेटर करा. ऑर्डर घेतली की ती पाहुण्याला परत वाचून दाखवायची, ॲलर्जी स्वतःहून विचारायची, कळलं नाही तर थांबवून पुन्हा विचारायचं. यालाही मार्क ठेवा.