शेतीतल्या शिणाण्यांना खाद्य घालतं कोण?

शिणाणे म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे शिंपले. त्यांच्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा: ‘शेतीतले शिणाणे कोळंबीसारखे खाद्य आणि औषधं घालून फुगवतात. त्यानं खाडी नासते. खडकावरचे आणा, चांगले उकळा, मग कसलीच भीती नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे.

आधी खाद्याचं बघू. शिणाणे पाणी आत ओढतात, त्यातलं सूक्ष्म शैवाल गाळून खातात आणि पाणी सोडून देतात. केरळात कासरगोडजवळच्या पडन्ना भागात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही शेती होते. त्यात बायकांचे बचत गट बरेच आहेत. पावसाळ्यानंतर खाडीचं पाणी पुन्हा खारट झालं की दोराभोवती बी, म्हणजे शिणाण्यांची पिल्लं, ठेवून वरून सुती जाळीचं कापड शिवतात. कापड काही दिवसांत कुजतं, पण तोवर पिल्लांनी आपल्या धाग्यांनी दोर घट्ट धरलेला असतो. मग हे दोर बांबूच्या मांडवाला टांगायचे आणि पावसाच्या आत काढणी उरकायची, कारण गोडं पाणी आलं की शिणाणे मरतात. वाहत्या खाडीत औषध ओतणारा शेतकरी मला तरी दाखवाच! मजकूर लिहिणाऱ्यानं कोळंबीच्या तळ्याशी गल्लत केली आहे.

खाडी नासण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. दोर दाटीवाटीनं बांधले आणि पाणी खेळतं नसलं, तर तळाशी घाण साचते. त्याहून खरी अडचण मजकुरात नाहीच: शेतीचं बी बहुतेक खडकावरूनच खरवडून आणतात, आणि त्याची झळ खडकावर पोट असलेल्यांना बसते.

आता ‘खडकावरचे आणा आणि उकळा’. केरळातलंच विळिंजम खडकावरच्या तपकिरी शिणाण्यांसाठी ओळखलं जातं. तिथं सप्टेंबर १९९७मध्ये शिणाणे खाऊन ७ माणसं दगावली आणि ५००हून अधिकांना रुग्णालयात न्यावं लागलं. शिणाण्यांनी विषारी शैवाल गाळून खाल्लं की त्याचं विष त्यांच्या मांसात साठतं आणि त्यानं माणसाच्या नसा लुळ्या पडतात. उकळल्यानं जंतू मरतात, हे विष टिकून राहतं. शिजताना शिंपलं उघडलं म्हणजे माल चांगला, हेही खरं नाही. उष्णतेनं आतला स्नायू सैल पडतो, एवढंच.

तेव्हा विक्रेत्याला शेतीचे की खडकावरचे हे विचारण्याआधी कुठल्या पाण्यातले ते विचारा. जवळ सांडपाण्याचं तोंड असेल किंवा पाण्याला लालसर रंग चढला असेल, तर घेऊ नका. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू निघेल, हे विष निघणार नाही.