आईचा रिपोर्ट आणि तीन गोळ्यांची पट्टी

दिवाळीनंतर इंदूरहून आईच्या लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. ई. कोलाय, म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गातला नेहमीचाच जंतू. पण अँटिबायोटिकांच्या नावांपुढे आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट: जंतू त्या औषधाला जुमानत नाही. सिप्रो गेलं, सेफिक्झिम गेलं. खाली नायट्रोफ्युरँटॉइनसमोर एस, म्हणजे हे औषध चालेल, असं दिसलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

घरच्या ग्रुपवर लगेच जुना वाद पेटला. दादाचं म्हणणं, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकून जंतूंना असं निर्ढावू देणाऱ्या मेडिकलवाल्याचं लायसनच काढून घ्या. कायदा आहेच. शेड्यूल एच-१ ही कडक नोंदीच्या औषधांची यादी मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातलं औषध विकलं की रुग्णाचं नि डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. सेफिक्झिम त्या यादीत आहे, तीन गोळ्यांच्या पट्टीत मिळणारं अझिथ्रोमायसिन नाही. 'भिया, वो तीन गोली वाली दे दो' म्हणणाऱ्याला हा फरक कुठे ठाऊक!

मी आइंडहोव्हनला राहते. इथला फॅमिली डॉक्टर प्रत्येक तापाला पॅरासिटामॉल सांगतो, हा आम्हा भारतीयांचा ठरलेला विनोद. मीही वर्षानुवर्षं शेव-चिवड्याच्या पिशव्यांमध्ये अझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या दडवून आणल्या.

मग २०१७ साली छापलेला इथलाच एक अभ्यास वाचनात आला. प्रवासाआधी नि नंतर लोकांची शौचाची तपासणी केली होती. दक्षिण आशियात जाऊन आलेल्या १८१ जणांपैकी १३६ जण सेफिक्झिमसारख्या औषधांना न जुमानणारे नवे जंतू आतड्यात घेऊन परतले. बहुतेकांचे काही महिन्यांत गेले, काहींचे वर्षभर टिकले. आणि प्रवासात ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं, त्यांना धोका जास्त! म्हणजे मी ज्या गोळीला कवच समजत होते, तीच दार उघडत होती.

तरी दादाशी माझं पटत नाही. इथला डॉक्टर 'तीन दिवस थांबा' म्हणू शकतो, कारण चौथ्या दिवशी तो भेटतो, त्याचे पैसे विम्यातून जातात आणि घरी बसलं तरी पगार चालू राहतो. हा संयम डच लोकांच्या रक्तातला नाही, व्यवस्थेने पोसलेला आहे. आईकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना कल्चरचे पैसे भरून दोन-तीन दिवस रिपोर्टची वाट बघणं कसं परवडावं? त्यांची गोळी म्हणजे बुडणाऱ्या रोजीचा विमा. आधी वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात फुकट कल्चर होऊ द्या, मग दुकानाला खुशाल कुलूप लावा.

'तोवर मोकळं रान?' दादाने विचारलं. मी लिहिलं, सेफिक्झिमवर आजच सक्ती कर, कोण अडवतंय? तो अजून फुरंगटलेला आहे.

आईला या भांडणात रस नव्हता. तिचा प्रश्न वेगळाच: 'सिप्रोच्या सहा गोळ्या उरल्यात. सकाळी कचरागाडी येईल, तिच्या सहा डब्यांपैकी कुठल्यात टाकू?'