टॉवर उंच झाले म्हणून शहर दाट होत नाही

पुण्यातल्या आमच्या वाघोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्री पुन्हा टँकरच्या बिलावरून वाद झाला. एक काका म्हणाले, "एवढी माणसं एका जागी कोंबल्यावर दुसरं काय होणार?" मला हे पटत नाही.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. अकरा बिऱ्हाडं आणि वाड्याचा दर्शनी भाग जेमतेम चाळीस फूट. म्हणजे रस्त्याखालची चाळीस फूट पाइपलाइन अकरा घरांना पुरत होती. आता आमचे तीन टॉवर बघा. शेजारी मोकळं शेत, मग गोडाऊन, परत शेत, आणि मग कुठे पुढची सोसायटी. त्या शेतासमोरूनही पाण्याची लाइन न्यावीच लागते. ड्रेनेज, दिवे, रस्ता यांचंही तेच. रिकाम्या प्लॉटपुढच्या पाइपला खर्च तेवढाच, पैसे भरणारं मात्र कुणी नाही. वरून बावीस मजले दिसतात, पण वस्ती विरळच आहे.

कचऱ्याचंही तसंच. पेठेत कचरावेचक ताई ढकलगाडी घेऊन एका बोळात कितीतरी घरं उरकतात. इथे दोन सोसायट्यांच्या मधल्या अंतरातच गाडीचं डिझेल जळतं. पीएमपीच्या बसला रिकाम्या माळावर प्रवासी कुठून मिळणार?

2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत आली, 2021 मध्ये आणखी 23, त्यात आमची वाघोली. टॉवर त्याआधीच उभे होते. शहराच्या पूर्व भागासाठी पाणी थेट खेड तालुक्यातल्या भामा आसखेडहून आणावं लागलं, यावरून पसारा कळावा.

पेठेत सगळं स्वस्त आहे असं मी म्हणत नाही. वाडा पाडून सहा मजली इमारत झाली की जुनी ड्रेनेज लाइन तुंबते, आणि अरुंद बोळात खोदाई महागच पडते. पण तो खर्च वाटून घ्यायला माणसं असतात.

म्हणून मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या आत जादा एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या आकाराच्या मानाने जास्त बांधकामाची मुभा) देण्याच्या धोरणाला माझा पाठिंबा आहे, मात्र तिथल्या पाण्याच्या आणि मैलापाण्याच्या लाइन आधी मोठ्या करा. आणि पाणी पोचेपर्यंत बिल्डर सोय करेल या हमीपत्रावर लांबच्या शेतात परवानग्या देणं थांबवा. बिल्डर सोसायटी सोपवून निघून जातो, टँकरचं बिल आमच्या मेंटेनन्समध्ये येतं, घरपट्टी वेगळीच.

महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात एवढंच छापा: पेठेतल्या एका घराला पाणी पोचवायला किती खर्च येतो आणि वाघोलीतल्या एका घराला किती. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी.