बारावीचे गॅदरिंग आणि रेडिंगची तेरावी

आमच्या सांगलीच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेला महिनाभर एकच वाद धुमसतो आहे. पुतण्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञानाला आहे, तेथील प्राचार्यांनी यंदाचे गॅदरिंग आणि त्यानंतरचा निरोप समारंभ मुलांच्याच समितीकडे सोपवायचे ठरवले. लगेच पालकांचे निवेदन गेले, की बारावीला या भानगडीतून वगळावे आणि प्रतिनिधी नेमायचाच असेल तर तो दहावीच्या गुणांवर नेमावा. त्यावर पहिली सही माझ्या थोरल्या भावाची आहे. ‘पोरांनी पताका लावायच्या की सीईटीचे पेपर सोडवायचे?’ असा दादाचा सवाल, आणि त्याखाली वहिनींसकट अकरा जणांचे अंगठे.

मला राग आला तो गुणांच्या अटीचा, कारण त्या अटीचे फळ मी स्वतः खाल्ले आहे. 1989 साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, पुढे महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद पडल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नेमण्याची रीत पक्की केली. त्या रीतीने मी एक वर्ष प्रतिनिधी होतो. वर्षभरात मी एका रजिस्टरवर सही केली आणि एका पाहुण्यांना गुच्छ दिला. वर्गातल्या निम्म्या मुलांची नावे मला तेव्हाही ठाऊक नव्हती. 2016 च्या कायद्याने खुल्या निवडणुका कागदावर परत आणल्या, पण मतदानाचा मुहूर्त पुढेच जात राहिला. कनिष्ठ महाविद्यालय तर या कायद्याच्या कक्षेतही येत नाही. तिथे शासनाची चिंता हजेरीपुरतीच, म्हणून तर 2018 साली विज्ञानाच्या मुलांसाठी बायोमेट्रिक यंत्रे बसवण्याचा आदेश निघाला. मुले क्लासमध्ये आणि महाविद्यालय रिकामे, अशी स्थिती असताना प्रतिनिधी नेमका कोणाचा असणार?

इथे इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये माझी मुलगी नुकतीच सिक्स्थ फॉर्ममधून, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतून, बाहेर पडली. इयर थर्टीनला आम्ही घरी ‘तेरावी’ म्हणतो. ती बारावीत असताना, 2024 च्या वसंतात, तिने हेड स्टुडंट, म्हणजे मुख्य विद्यार्थी प्रतिनिधी, होण्यासाठी अर्ज लिहिला, असेंब्लीत तीन मिनिटे बोलली, मुलांचे आणि शिक्षकांचे मतदान झाले, मग हेडटीचरांसमोर मुलाखत झाली, आणि ती डेप्युटी झाली. गळ्यात ओळखपत्राची जांभळी लॅनयार्ड, ओपन ईव्हिनिंगला पालकांना वर्ग दाखवणे, इयर सेव्हनच्या रडव्या पोरांना जेवणाच्या सुट्टीत सोबत करणे, चॅरिटी वीकमध्ये केक विकणे, असा सगळा व्याप. हे मी गटावर सविस्तर लिहिले, फोटोही टाकले. लिहिताना माझा सूर थोडा चढला होता, हे मान्य.

मात्र प्रॉमची, म्हणजे शाळेच्या निरोपाच्या पार्टीची, गोष्ट खरोखर सांगण्यासारखी आहे. समितीतल्या बहुतेकांना हॉटेल हवे होते. मुलीचे म्हणणे होते की शाळेच्या हॉलमध्ये करू, कारण तिकीट न परवडणारी मुले ‘मला इंटरेस्ट नाही’ असे सांगून घरी बसतील. मतदानात ती हरली. हरल्यावर रुसून न बसता तिने केकविक्रीतले पैसे बाजूला काढून घेतले आणि अशी सोय केली, की ज्याला अडचण असेल त्याने फक्त सिक्स्थ फॉर्मच्या ऑफिसात सांगायचे. नावे समितीलाही कळणार नाहीत. किती जणांनी ती सोय घेतली, हे तिला आजही माहीत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर याचा रकाना कुठे असतो, असे मी दादाला विचारले.

दादाने दोन ओळींत उत्तर दिले. ‘तुझ्या लेकीला तीन विषय. नीटला बसतात वीस लाखांवर पोरे. तू जागा दे, मी पताका लावतो.’

हा हिशेब मी माझ्या तुलनेत मुद्दाम घेतला नव्हता. आणखीही एक गोष्ट मी गटावर लिहिलेली नाही. प्रॉमच्या हिशेबाची वही घेऊन मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली असताना, ‘हे शिक्षकांचे काम आहे, तू ए-लेव्हलकडे बघ,’ असे मी (ए-लेव्हल ही इथली तेरावीअखेरची परीक्षा) तिला एकदा नव्हे, तर मे महिन्याची स्टडी लीव्ह लागेपर्यंत अनेकदा सुनावले. डेप्युटीसाठी अर्ज करण्याचा आग्रहही माझाच होता, आणि तो यूकॅसच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या अर्जातल्या निबंधाच्या, 4000 अक्षरांत एक भारदस्त वाक्य बसावे म्हणून. निबंध वाचून पाहिला तेव्हा त्यात त्या पदाचा उल्लेख एका ओळीपुरता होता. मी वाद घातला. ती म्हणाली, ‘बाबा, ते यूकॅससाठी नव्हतं.’ दादा जे सहीनिशी आणि उघडपणे म्हणतो, ते मी इथे दार लावून म्हणत होतो.

प्रॉमच्या संध्याकाळी फोटोंसाठी सगळे पालक एका मैत्रिणीच्या मागच्या अंगणात जमले होते. बाकीचे एकमेकांना प्राथमिक शाळेच्या दारापासून ओळखणारे होते. मी 19 वर्षे या गावात राहतो. हातात क्रिस्प्सची वाटी घेऊन कुंपणाशी उभा राहिलो आणि हवेविषयी दोनदा बोललो. सांगलीच्या गॅदरिंगला मी मांडवाच्या मागे असतो, खुर्च्या मोजत, कोणाला तरी ओरडत. तेही खरे नाही म्हणा. तिथे मी गुच्छ देत होतो.

सप्टेंबरमध्ये विद्यापीठात जाताना मुलीने ‘लीव्हर्स’, म्हणजे ‘निघालेले’, असे लिहिलेला शाळा सोडणाऱ्यांचा हूडी इथेच टाकला. पाठीवर मोठा 25 आकडा, तो सगळ्या वर्षाच्या नावांनी भरलेला. तिचे नाव पाचाच्या पोटात, बारीक अक्षरात. थंडी पडल्यापासून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जाताना मी तोच अंगावर चढवतो. परवा शेजारच्या बाईंनी पाठीवरची अक्षरे वाचली आणि हसत विचारले, की तुम्ही कुठे निघालात?

आत येऊन मी दादाला लिहिले की समारंभाची तारीख ठरली तर कळव, जमल्यास तिकीट काढतो. त्याचे उत्तर आले, की निवेदनावर आता 140 सह्या झाल्या आहेत.