दुसऱ्या नंबरचा काय गुन्हा?

परवा मी एका गाडीखाली उताणा पडलो होतो. ड्रेन बोल्ट शेवटच्या आट्यावर आला होता. म्हणजे गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत यायला फार तर दोन सेकंद. नेमक्या त्या वेळी गाडीच्या कडेला एक उलटं डोकं उगवलं आणि म्हणालं, "सर्टिफिकेट कुठे लावलंय तुमचं? भिंतीवर दिसत नाही."

ऑइल कोपरापर्यंत आलं. तिथून पुढे बाहीत गेलं.

डोकं गाडीमालकांचं नव्हतं. ते बिचारे बाकावर बसून फोनवर बोलत होते. डोकं त्यांच्या मेहुण्यांचं होतं. गाडी दुरुस्तीला एकटी कधी येत नाही, हे मी दीड वर्षात शिकलोय. तिच्याबरोबर मालक येतो आणि मालकाबरोबर एक असा इसम येतो, की ज्याची गाडी नाही, ज्याचे पैसे जाणार नाहीत आणि ज्याला संध्याकाळपर्यंत दुसरं काम नाही.

"सर्टिफिकेट नाही," मी खालूनच म्हणालो. "मी तंत्रशाळेत गेलेलो नाही. काम करत शिकलो."

"म्हणजे अजून शिकताय," मेहुणे म्हणाले आणि डोकं वर गेलं. नंतर बाकाच्या दिशेने आवाज आला, "भाऊजी, हे शिकाऊ आहेत!"

आता हे खोटं आहे असं म्हणता येत नाही, हीच पंचाईत. पस्तिशीत खुर्चीची नोकरी सोडून मी या गॅरेजात आलो तेव्हा उस्तादने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रॉकेलचं घमेलं पुढे सरकवलं. पुढचे दोन महिने मी सुटे भाग धुतले. काय धुतोय हे कोणी सांगत नसे. मला पाना धरायला शिकवणारा माझा सीनियर एकोणीस वर्षांचा आहे. मी त्याला अहो-जाहो करतो आणि तो मला "ए पोऱ्या" म्हणतो. घरी येऊन मी व्हिडिओ बघायचो. व्हिडिओतला नट पहिल्या झटक्याला सुटतो. आपला नट गंजून बोल्टाशी एकजीव झालेला असतो. त्यावर तेल मारा, थांबा, ठोका, तापवा, पुन्हा तेल मारा, पुन्हा थांबा. मग तो सुटतो, म्हणजे मध्येच तुटतो. उरलेला अर्धा बोल्ट कसा काढायचा याचा व्हिडिओ वेगळा असतो.

हे सगळं मेहुण्यांना ऐकवण्यात अर्थ नव्हता. म्हणून बाहेर येऊन, हात पुसत, मी माझा हुकमाचा एक्का काढला. "सोइचिरो होंडा माहितीयेत ना? १९२२ साली टोकियोच्या एका गॅरेजात उमेदवार म्हणून लागले. वय पंधरा. सुरुवातीला काम काय, तर झाडलोट आणि मालकाचं तान्हं मूल सांभाळणं. पाठीशी कुठला कोर्स नाही, काही नाही. पुढे काय झालं ते रस्त्यावर बघा."

हा एक्का मी नातेवाइकांवर बऱ्याचदा वापरलाय. कधी वाया गेला नव्हता. मेहुण्यांनी मात्र तिथल्या तिथे फोन काढला. ही नवी रोगराई. पूर्वी माणूस थाप ऐकून घ्यायचा.

"पण इथे लिहिलंय," ते चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "की पुढे पिस्टन रिंग करायला घेतली, ती जमेना, तेव्हा हे गृहस्थ तंत्रशाळेत जाऊन बसले. म्हणजे शाळेत गेलेच की शेवटी."

"परीक्षेला नाही बसले! डिप्लोमा नाही घेतला!"

"पण वर्गात बसले. तुमची पिस्टन रिंग जमते का?"

मी ऑइल फिल्टरकडे वळलो.

खरं दुखणं ऑइलचं नव्हतंच. ऑइल सोबत बदलून घेत होते. गाडी मिसिंग मारत होती. थांबल्या जागी थरथरायची, चढाला दम टाकायची, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला तर कोड आला पी-०३०३. याचा अर्थ तीन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. का पेटत नाही ते कोड सांगत नाही. प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन गेलेलं असेल. स्कॅनर घेतला की मेकॅनिक झालो असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे जरा थांबावं. मलाही पहिले काही महिने तसंच वाटत होतं.

या गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर वेगळी कॉइल आहे. अशा वेळी नवा भाग विकत आणण्याआधी एक फुकटची युक्ती करतात. तीन नंबरची कॉइल काढून दोन नंबरवर लावायची, दोनची तीनवर, कोड पुसायचा आणि गाडी चालू करायची. आता बिघाड दोन नंबरवर सरकला तर कॉइल खराब. तीनवरच राहिला तर कॉइल निर्दोष, पुढे प्लग बघा. इतकी साधी, इतकी देखणी युक्ती आहे की पहिल्यांदा कळली तेव्हा मला कोणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं होतं.

मी दहाचा सॉकेट, म्हणजे दहा मिलिमीटरच्या बोल्टाच्या डोक्यावर बसणारी पान्याची टोपी, घेतला आणि दोन्ही कॉइलचे बोल्ट सोडले. मेहुणे बॉनेटमध्ये माझ्याइतकेच आत आले होते.

"हे काय करताय?"

"तीनची कॉइल दोनला लावतोय."

"तीनची म्हणजे बिघडलेली?"

"बिघडलेली असावी असा संशय आहे."

"आणि दोन नंबर?"

"तो चांगला आहे."

मेहुणे सरळ उभे राहिले. एवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं, आता तिथे नागरिक जागा झाला. "म्हणजे खराब वस्तू तुम्ही चांगल्या ठिकाणी बसवताय?"

"तपासायला."

"अहो, पण दुसऱ्या नंबरचा काय गुन्हा?"

मी म्हटलं, समजा घरात एक बल्ब लागत नाही. तो काढून दुसऱ्या खोलीतल्या होल्डरला लावायचा. तिथेही लागला नाही तर बल्ब गेला, लागला तर होल्डरमध्ये दोष. सोपं आहे.

"पण दुसऱ्या खोलीत मुलं अभ्यास करत असतील."

"दोन मिनिटांसाठीच काढायचा हो."

"दोन मिनिटं त्यांनी अंधारात बसायचं? बल्ब दुसऱ्याच खोलीतला गेलाय आणि?"

इथे मी एक मोठी चूक केली. मी वैतागून म्हणालो, "थांबा, आता बघाच." विज्ञान आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर माणूस बेसावध होतो. मी कोड पुसला, सेल्फ मारला, गाडी पहिल्यासारखीच थरथरत उभी राहिली. थोड्या वेळाने दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी-०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला होता! निदान पक्कं! मी विजयी मुद्रेने स्कॅनर मेहुण्यांपुढे धरला.

मेहुण्यांनी तो आकडा दोनदा वाचला. मग हाक मारली, "भाऊजी! आता दुसरा पण गेला!"

मालकांनी प्रथमच फोन कानापासून दूर केला.

"सकाळी आपण आलो तेव्हा तीन नंबर आजारी होता. दोन नंबर ठणठणीत. यांनी हात लावला आणि आता दोन नंबर आजारी. हे मशीन सांगतंय, मी नाही."

"पण तीन नंबर बरा झाला ना!" मी ओरडलो.

"तिसऱ्याचं दुखणं काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातलंत. याला बरं करणं म्हणतात? चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही. उद्या एक नंबरला लावाल, परवा चार नंबरला. चारच सिलिंडर आहेत बरं का गाडीला." मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने, "कोर्समध्ये शिकवत असतील हो हे. एखादं वर्ष काढायचं होतंत."

मालक उठून आले. त्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या काळ्या बाहीकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "उस्ताद आहेत का?"

हे मला लागलं. अजून लागतंय.

उस्ताद मागून आला. तीन सेकंद इंजिनाचा आवाज ऐकला, स्कॅनरकडे नजर टाकली. "जागा बदलून बघितलीस? सरकला? मग कॉइल गेलीय. नवी टाक." एवढं बोलून तो परत गेला.

"बघा!" मेहुणे मालकांना म्हणाले. "एका वाक्यात! याला म्हणतात अनुभव." आणि मला, "शिका जरा त्यांच्याकडून."

आता उस्तादची हकीकत सांगतो. उस्ताद कुठल्याही तंत्रशाळेची पायरी चढलेला नाही. त्याच्या भिंतीवर एकच कागद आहे, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, तेही खालच्या भिंतीचा पोपडा झाकायला. पण त्याला मिशी आहे आणि ती पांढरी आहे. त्या मिशीला आजवर कोणी कागद मागितलेला नाही. माझ्या तोंडून निघालं तेव्हा तेच वाक्य संन्याशाची फाशी होतं.

आणि उस्तादबद्दल बोलायचंच तर, तो शिकवत नाही. चूक झाल्यावर सांगतो. तिसऱ्या महिन्यात मी एका अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग तिरका घातला. पाना लावून दोन वेढे दिले, जड लागलं, मला वाटलं घट्ट बसतोय. मग एकदम मऊ लागला. तो मऊपणा अजून माझ्या तळहातात आहे. आटे गेले होते. हेडचेही आणि माझेही. दिवसभर बोलणी खाल्ल्यावर संध्याकाळी उस्तादने खिशातून वीतभर रबरी नळी काढली, प्लगच्या शेंडीवर खोचली आणि दोन बोटांत धरून फिरवून दाखवली. सरळ असला तर प्लग आपोआप आत जातो. तिरका असला तर नळी घसरते, आट्यांना धक्का लागत नाही. पाना शेवटी. ही नळी तीन महिने त्याच्या खिशात होती! कोर्समध्ये ती पहिल्या आठवड्यात कळते की नाही मला ठाऊक नाही, पण निदान सुरुवातीलाच विचारता तरी आलं असतं. इथे विचारलं तर "डोळे फुटले का, बघ ना" असं उत्तर मिळतं. फी नाही खरी, पण हप्ते रोज भरावे लागतात. पाने स्वतःचे घ्यायचे. हरवले की पुन्हा स्वतःचे घ्यायचे. पगार असा, की त्याला पगार म्हणताना उस्तादही दुसरीकडे बघतो. तिकडे कोर्स केलेली मुलं कागद घेऊन दारात येतात, त्यांना विचारतात अनुभव आहे का. माझ्याकडे अनुभव जमतोय, तर मला विचारतात कागद आहे का. दोघांना एकत्र उभं केलं तर एक अख्खा मेकॅनिक होईल, पगार मात्र अर्ध्याचाच मिळेल.

मेहुण्यांना एक गोष्ट मी सांगितली नाही, कारण त्यांना फार आनंद झाला असता. मागच्या महिन्यात एक हायब्रीड गाडी आली होती. बॉनेटखाली जाड नारिंगी केबली. त्या रंगाचा अर्थ शेकडो व्होल्ट. त्यांना हात लावायला खरंच शिक्षण लागतं, हातमोजे लागतात, वीज तोडायचा ठरलेला क्रम लागतो, आणि चूक झाल्यावर सांगणारा उस्ताद तिथे उपयोगाचा नाही, कारण ऐकायला कोणी उरणार नाही. मी बॉनेट हळूच खाली घेतलं आणि गाडी नम्रपणे दुसरीकडे पाठवली. त्या दिवशी मला शाळेची आठवण आली. लगेच गेली, पण आली.

असो. नवी कॉइल आली, मी ती दोन नंबरवर बसवली आणि जुनी बाजूला ठेवली. गाडी अशी गुळगुळीत चालू झाली की बॉनेटवर नाणं उभं राहिलं असतं. मालक खूश. त्यांनी उस्तादचे आभार मानले. मेहुणे जाता जाता खिडकीतून म्हणाले, "दोन नंबरला जपा हो."

संध्याकाळी हत्यारं मोजायला बसलो तर दहाचा सॉकेट नव्हता. या धंद्यात बारा असतो, तेरा असतो, सतरा तर कधीच हरवत नाही. हरवतो तो दहाचाच, कारण दिवसभर लागतो तो दहाचाच. गाडीखाली पाहिलं, घमेल्यात पाहिलं, एकोणीस वर्षांच्या सीनियरच्या खिशात पाहिलं (तो रागावला). मग मला शेवटचा बोल्ट आवळला तो क्षण आठवला. सॉकेट काढून मी तो इंजिनाच्या कव्हरवर ठेवला होता, कारण मेहुणे काहीतरी विचारत होते.

फोन करायला मी पाऊण तास लावला. मालकांच्या नंबरवर फोन उचलला मेहुण्यांनी.

"मी करणारच होतो तुम्हाला," ते म्हणाले. "गाडी आता खडखडतेय."

मी सगळं सांगितलं. शक्य तितक्या कोरड्या आवाजात. पलीकडे बॉनेट उघडल्याचा आवाज आला, मग शांतता, मग काहीतरी टणकन पडलं.

"सापडला," मेहुणे म्हणाले. "छोटासाच आहे. दहा लिहिलंय वर. न्यायला या केव्हाही." मग जरा थांबून, "पण हा तुमचाच आहे याचा काही कागद आहे का?"