‘इतर’चा रकाना

आमच्या लॉजच्या ऑफिसात पाहुण्यांसाठी एक नोंदवही ठेवलेली असते. तिच्यात छापील रकाने आहेत: तारीख, वेळ, वाघ, बिबट्या, गवा, अस्वल आणि सर्वांत शेवटी, शिवणीच्या बाजूला दबलेला, बोटभर रुंदीचा ‘इतर’. खोली सोडताना पाहुणे वही उघडतात, वाघ-बिबट्याच्या रकान्यांत फुली मारतात आणि गाडीत बसता बसता घरच्यांना फोनवर सांगतात, “काहीच दिसलं नाही.” बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाहुण्यांना रान दाखवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि या एका वाक्याचा मला जितका राग येतो तितका रात्री दोन वाजता गाणी लावणाऱ्यांचाही येत नाही.

(लॉज म्हटले की आपल्याकडे बसस्टँडसमोरची, चादरींचा वास येणारी इमारत डोळ्यांसमोर येते. आमचे तसे नाही. सहा कौलारू खोल्या, एक लांब पडवी, पाण्याची एक उघडी टाकी आणि मागे सुपारीची थोडी झाडे, एवढाच पसारा.)

आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत, हे बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला जाणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते आणि पुढे कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेकडे उतरून गोव्यात मांडवी होते. या पाणलोटाच्या कडेवरचे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत या भागाचे नाव गेले ते मात्र त्याच्या कितीतरी आधी, आणि तेही वाघामुळे नव्हे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतील एका वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर कित्येक दशके हे वटवाघूळ साऱ्या जगात फक्त याच गुहांतून माहीत होते. आमच्या वहीत त्याची नोंद करायची झाली तर ती ‘इतर’मध्येच करावी लागेल.

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. माझ्या खोलीच्या स्विचबोर्डाशेजारी एका कुंभारणीने घर बांधायला घेतले. कुंभारीण म्हणजे ती लांब, बारीक कमरेची, एकटी राहणारी गांधीलमाशीची जातवाली. ती उगाच कुणाला डसायला येत नाही. भांडी घासण्याच्या नळाखालच्या चिखलातून ती वाटाण्यापेक्षा लहान गोळी तोंडात धरून आणते आणि भिंतीवर लिंपू लागताच तिचा आवाज एकदम चढतो. कान जवळ नेला तर कळते की ती अंगाच्या थरथरीने ओला चिखल दाबून बसवते आहे. तासाभराने चिखलाची नळी तयार झाली आणि मग ती कोळी आणू लागली. हे कोळी मेलेले नसतात. डंखाने त्यांना लुळे केलेले असते, म्हणून ते कुजत नाहीत. त्यांतल्या एकावर अंडे घालून, नळी कोळ्यांनी गच्च भरून, ती तोंड लिंपून टाकते. आतली अळी बाहेर येते ती भरल्या कोठारात. हे सारे मी चहाचा पेला हातात घेऊन उभ्या उभ्या पाहिले, आणि चहा निवला. ‘सफारी’ला गेलेली जीप त्याच वेळी चार मोरांची पिसे घेऊन परतली.

शेकरूचे दुःख थोडे निराळे आहे. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी. आमच्याकडे तो कर्नाटकात राहतो, वनखात्याचा गार्ड त्याला कन्नडमध्ये ‘अळिलु’च्या, म्हणजे खारीच्या, नात्यातला म्हणून ओळखतो आणि शेकरूला यातल्या कशाचेच सोयरसुतक नाही. त्याची खरी सरहद्द म्हणजे दोन झाडांच्या फांद्यांमधले अंतर. सहसा तो जमिनीवर उतरत नाही; शेंड्याशेंड्याने फिरतो, आणि घरटीही अशा बारीक फांद्यांच्या दुबेळक्यात बांधतो की जड अंगाच्या शिकाऱ्याला तिथवर पोचता येऊ नये. मी पूर्वी ज्या लॉजवर होतो तिथे जांभळाची एक फांदी रस्त्यावरून पलीकडच्या हिरड्यापर्यंत गेली होती. पाहुण्यांच्या बसचे टप घासते म्हणून ती एका दुपारी तोडण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकरू नेहमीच्या वाटेने आला, तुटक्या टोकाशी थांबला, शेपूट झटकत खडखडाट करून ओरडला, मागे गेला, परत आला. चार-पाच दिवस हे चालले. नंतर तो त्या बाजूला येईनासा झाला आणि त्याच लॉजच्या जाहिरातीवर त्याचा फोटो मात्र राहिला. बस थोडी अलीकडे थांबवता आली असती, हे माझे तेव्हाचेही म्हणणे होते आणि आजही आहे.

मलबारी राखी धनेशाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्याच्या वेड्यासारख्या हसण्याने पाहुणे आपोआपच मान वर करतात. मात्र उन्हाळ्यात मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसलेली असते आणि नर उंबराची फळे गिळून आणून फटीतून एकेक करून तिला भरवतो, तेव्हा त्या झाडाखाली उभे राहून फोटोसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांना मी स्पष्ट शब्दांत हटकतो. नर बिचकून परत गेला, तर आतली मंडळी उपाशी राहतात.

दिव्यांचा मुद्दा मात्र सविस्तर लिहायला हवा, कारण तो सर्वस्वी आपल्या हातातला आहे. मागे एका पावसाळ्यात आमच्या फाटकावर पांढरा झगझगीत दिवा बसवला गेला. पहिल्याच रात्री त्याच्याभोवती पतंगांचा खच पडला, आणि त्यांत दोन्ही पंख पसरले तर ओंजळ झाकून टाकील असा ॲटलास पतंगही होता. या पतंगाला प्रौढपणी खायला तोंडच उरलेले नसते. अळी असताना साठवलेल्या बळावर मोजके दिवस जगून त्याला जोडीदार शोधायचा असतो. ते दिवस तो आमच्या दिव्याला धडका देण्यात घालवीत होता. उजाडताच कोतवाल आणि दयाळ हे पक्षी फाटकावर येऊन बसले आणि झाडलोट करताना आक्कांच्या सुपडीत नुसते पंख भरले. “हे काय ओ सर, रोज एवढे मरतात?” असे त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नाने जे काम झाले ते माझ्या तीन पानी अर्जाने झाले नव्हते. आता फाटकावर मंद पिवळा दिवा आहे, तोही दहानंतर बंद होतो. अजूनही पतंग येतात, पण सुपडी भरत नाही.

याच आक्कांनी एका जून महिन्यात टाकीवर झुकलेल्या फांदीवरचा पांढरा फेस ब्रशने खरवडायला घेतला होता. कुणी तरी साबणाचे पाणी उडवले असावे, असा त्यांचा समज. तो मलबारी उडत्या बेडकाचा फेस होता: मादी मागच्या पायांनी घुसळून तो तयार करते, त्यात अंडी घालते आणि काही दिवसांनी बेडूकमासे सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात. मी वेळेवर पोचलो, नाहीतर पिढीच्या पिढी मोरीतून वाहून गेली असती. त्यानंतर त्या टाकीकडे आक्का कुणाला ब्रश घेऊन जाऊ देत नाहीत.

मला वाघाचे वावडे नाही. तो दिसला तर मीही सगळे टाकून धावत सुटेन. पण वाघ दिसावा म्हणून बारा तास जीपमध्ये धूळ खाणारा माणूस पडवीत अर्धा तास शांत बसायला तयार नसतो, ही गोष्ट मला आजवर उमगलेली नाही. काबिनीच्या रानातला काळा बिबट्या मोबाइलवर पाहून आलेल्यांना तर सुपारीच्या खोडावरचा उडता सरडा दाखवूनही दिसत नाही, कारण तो सालीशी एकरूप झालेला असतो. गेल्या डिसेंबरात शहापूरहून आलेल्या एका वयस्क काकूंना तो दिसला. गुडघेदुखीमुळे जीपमध्ये चढता येईना म्हणून त्या खुर्ची टाकून मागच्या बाजूला बसून राहिल्या होत्या. खोडावरून मुंग्यांची रांग चालली होती आणि सरडा जागचा न हलता त्यांना टिपत होता. मध्येच तो गळ्याखालची पिवळी पट्टी दोन-तीनदा उघडून मिटे. मग त्याने बरगड्यांवर ताणलेले पंखासारखे कातडे पसरले आणि तरंगत पलीकडच्या सुपारीवर जाऊन चिकटला. जीप परतली तेव्हा काकू अजून त्या दुसऱ्या खोडाकडेच पाहत होत्या.

जाताना त्यांनी वही मागितली. ‘इतर’च्या बोटभर रकान्यात त्यांचे अक्षर मावेना, म्हणून त्या समासात आणि मग मागच्या पानावर लिहीत गेल्या: सरडा एक, मुंग्या असंख्य, बुलबुल सहा, न ओळखलेला पक्षी एक, शेपूट लांब.

ती वही आता भरत आली आहे आणि नवी छापायला टाकायची आहे. ‘इतर’साठी मी पूर्ण पान मागितले होते. मालकांनी अर्ध्या पानाला होकार दिला आहे.